रानाचा वाटा

आमच्या घराच्या मागच्या दारातून कळसूबाई दिसते. दिसते म्हणजे वर्षातले आठ महिने. बाकीचे चार महिने ती ढगात असते, आणि आम्हीही. 1646 मीटर उंची, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे मी शाळेत पाठ केलं. तोवर ती आमच्यासाठी नुसती देवी होती. दहावी झाली, शाळा सुटली, आकडा लक्षात राहिला. डोंगराच्या पोटाशी आमची तीन एकर जमीन. खाली ओढ्याकडं भाताची खाचरं आणि वर उतारावर वरई, नागली, थोडी खुरासणी. वरच्या बांधाला लागून रान सुरू होतं. 1986 साली हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आलं. डुकराला ती हद्द ठाऊक नाही, पण बांध कुठं आहे ते त्याला बरोबर ठाऊक आहे.

तीन वर्षांमागची गोष्ट. आश्विनात वरई पिकत आली होती. एका रात्रीत डुकरांचा कळप उतरला आणि पाऊण एकर लोळवून गेला. खाल्लं थोडं, तुडवलं जास्त. सकाळी मी आणि थोरला मुलगा बांधावर उभे होतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आबा, आता बास झालं. मी तार आणतो. खांबावरनं करंट घ्यायचा, रात्री सोडायचा, पहाटे काढायचा. दोन रात्रीत डुकरं ही वाट विसरतील."

मी नको म्हणालो.

"मग काय करायचं ते तुम्ही सांगा. तुमचं पुण्य आमच्या पोटावर किती दिवस काढायचं?"

पोरगा उद्धट नाही. शेणापासून पेरणीपर्यंत सगळं तोच बघतो, सोसायटीचं कर्जही त्याच्याच नावावर आहे. त्याचा प्रश्न खरा होता. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर सुचलं तेही नीट तोंडी सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

उत्तर द्यायचं तर आधी डोंगराचं वर्ष सांगायला पाहिजे. इथं कोण कुणाचं काय खातं, याचा हिशेब एका रात्रीवरून लागत नाही.

आमचं वर्ष रोहिणीत सुरू होतं. मे सरत येतो, हवा कोंदते, आणि हिरड्या-बेहड्याच्या, सादड्याच्या, जांभळाच्या झाडांवर काजवे येतात. अख्खं झाड एका दमात उजळतं आणि विझतं, शेजारचं झाड त्याला जाब देतं. आम्ही लहानपणी काजवे किती यावरून पावसाचा अंदाज बांधायचो. आता त्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. गाडीचे दिवे झाडावर पडले की काजवे चमकायचे थांबतात. बघायला आलेल्यांना मग काहीच दिसत नाही, आणि ते आणखी पुढं गाडी घालतात.

मृग लागला की खेकडे बिळातून वर येतात. पोरं टेंभे, बॅटऱ्या घेऊन रात्री ओढ्यात. मग आर्द्रा, पुनर्वसू. घाटघरला पाऊस बऱ्याच वर्षी दोनशे इंचांच्या घरात जातो, आणि तिथून चाळीसेक मैलांवर संगमनेरच्या पठाराला वीस इंचांचीही मारामार. डोंगर ढग अडवून धरतो तो आमच्यावर. चिखलात कमरेत वाकून आवणी चालते. घरात धान्य संपत आलेलं असतं, तेव्हा रान आम्हाला खाऊ घालतं. चाईचा मोहर, भारंगी, कुर्डू, करटुली. यातलं आम्ही काहीच पेरलेलं नसतं. माझ्या जुन्या घराच्या भिंतीसुद्धा रानातल्याच, कारवीच्या काठ्यांचा कूड आणि वरून शेणमातीचा लेप. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. सगळा उतार जांभळा होतो, मधमाश्यांनी घुमतो, आणि बी धरून ती वाळून जाते. पुढच्या पावसाच्या तोंडाला ओल लागली की तिची बोंडं तडतड फुटतात, सगळीकडं बी उडतं. माझ्या आयुष्यात मी ती जेमतेम आठ वेळा फुललेली पाहिली असेल.

भादवा सरताना पाऊस उघडतो आणि डोंगर सोनकीनं पिवळा होतो. नवरात्रात कळसूबाईची जत्रा. लोखंडी शिड्या चढून माणसं वर जातात. खाली भात दुधावर आलेला असतो, वर वरई, आणि नेमकी तेव्हाच डुकरं उतरतात. साळिंदर येतं, वानरं येतात, मुनियांचे थवे येतात. आमचा सगळा गाव रात्री माळ्यावर जागा असतो. डबडी वाजवायची, गोफण फिरवायची, हाकारे द्यायचे. याला आम्ही राखण म्हणतो.

थंडीत गवत सोन्यासारखं वाळतं, भेकर पाण्यासाठी खाली येतं, त्याच्या मागं बिबट्या. आम्ही त्याला वाघच म्हणतो. माझं एक वासरू त्यानं नेलंय. पंचनामा झाला, पैसे उशिरा मिळाले, पण मिळाले. मग होळी, वणवे, आणि चैत्र-वैशाखात पाणी. पावसात दोनशे इंच कोसळलेल्या गावातली बाई मेमध्ये झऱ्यावर हंडा घेऊन बसते, कारण उतारावर पाणी थांबत नाही आणि काळ्या खडकात मुरत नाही. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण आमच्यासाठी नुसती म्हण नाही.

माझा बा पेरणीच्या वेळी म्हणायचा, "दहा पायल्या येतील असं धर, आठच आपल्या." दोन पायल्या रानाचा वाटा. यावरून कुणाला वाटेल की बा साधू होता. तसं काही नव्हतं. शिमग्याला कुत्री आणि भाले घेऊन सगळ्या गावाबरोबर तोही डुकराच्या शिकारीला जायचा आणि मटण वाटून घ्यायचा. 1972चा कायदा आमच्या डोंगरात पोचायला वेळ लागला. म्हणजे रान आमचं खायचं, आम्ही रानाचं खायचो. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडायला पाहिजे, एवढंच मला म्हणायचंय.

आता मुख्य गोष्ट. ती उन्हाळ्यातली आहे आणि माझी आहे.

गावाच्या वरच्या अंगाला एक कडा आहे. माझ्या लहानपणी त्या कड्यावर गिधाडं असायची. चुन्याचे हंडे ओतावेत तसे पांढरे ओघळ कड्याच्या काळ्या दगडावरून खाली आलेले असायचे. ते त्यांच्या शिटेचे. थंडीत कपारीत घरटी करायची. वर्षाला एका जोडीचं अंडं एकच. गावात जनावर मेलं की माणसं ते गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकायची. आधी कावळे. मग एक गिधाड वर घिरटी घालायचं. ते उतरलं की ते बघून दुसरं, दुसऱ्याला बघून तिसरं. कुठून कुठून यायची. पुढं तासाभरात हाडं उरायची, वास नाही की माशी नाही. लहानपणी मला त्यांची किळस यायची. पण रानाच्या सगळ्या वाट्यांत हा वाटा सगळ्यात सोपा होता. तो देताना आमचं काहीच जात नव्हतं, उलट आमची घाण निघत होती.

1998चा उन्हाळा. माझा पवळ्या नावाचा बैल होता. नऊ वर्षांचा, घरच्याच गाईचा. वैरण आणताना उतारावर घसरला आणि त्याचा खांदा गेला. पाय टेकवेना, अंग तापलं, रात्रभर कण्हायचा. मी तालुक्याला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आलो. भला माणूस. त्यांनी ताप आणि ठणका उतरायचं इंजेक्शन दिलं, पुढच्या दिवसांची सोय करून दिली. त्या काळी ते औषध नवीन होतं, स्वस्त होतं, आणि गुण देत होतं. तासाभरात पवळ्यानं मान उचलली. माझ्या हातची भाकरी खाल्ली, हात चाटला. मला रडू आलं. तीन दिवस इंजेक्शन चाललं. चौथ्या पहाटे तो गेला. दुखण्यातच गेला, पण कण्हत गेला नाही, याचं मला समाधान होतं.

आम्ही त्याला माळावर नेला. दुपारपर्यंत हाडं उरली. मी लांब उभा राहून हात जोडले. म्हटलं, पवळ्या, तू कुणाच्या तरी पोटी गेलास.

चार-पाच दिवसांनी गुराखी पोरं सांगत आली की सादड्यावर एक गिधाड मान खाली टाकून बसलंय, दगड मारला तरी उडत नाही. दुसऱ्या दिवशी ते झाडाखाली पडलेलं होतं. कड्याच्या पायथ्याला आणखी दोन सापडली. आम्हाला वाटलं ऊन बाधलं, कुणी म्हणालं रोग आला. त्यानंतर चार पावसाळ्यांत कडा मोकळा झाला. कुणी लक्षही दिलं नाही. गिधाडाची कुणाला आठवण येते? पांढरे ओघळ मात्र बरीच वर्षं राहिले.

2007 साली पक्ष्यांची पाहणी करणारी दोन कॉलेजची पोरं आमच्या ओट्यावर चहाला थांबली. त्यांनी विचारलं, इथं गिधाडं होती का? मी हौसेनं सगळं सांगितलं. त्यातला एक वहीत लिहीत होता. त्यानं विचारलं, जनावरांना कधी ठणक्याचं इंजेक्शन द्यायचात का? मी पवळ्याचं सांगितलं. त्याचा पेन थांबला.

मग त्यानं सांगितलं ते असं. डायक्लोफिनॅक नावाचं ते औषध. बैलाला उतार पडतो, माणसालाही पडतो. पण औषध दिल्यावर थोड्या दिवसांत जनावर मेलं तर ते त्याच्या मांसात राहतं, आणि ते मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं. आतड्यांवर, काळजावर पांढरी साखळ धरते. मान टाकून बसतं आणि काही दिवसांत मरतं. हे कोडं 2004च्या सुमाराला उलगडलं, आणि 2006 साली सरकारनं जनावरांसाठी ते औषध बंद केलं. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची तर शंभरातली नव्याण्णव देशातून गेली होती. मी विचारलं, एवढ्या बैलांना थोडंच दिलं असेल? तो म्हणाला, शंभर मेलेल्या जनावरांत एकाच्या अंगात असलं तरी पुरतं, कारण एकाच जनावरावर ती पन्नास-पन्नास बसतात.

निघताना तो म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

खरंय, मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांना नव्हतं, औषध करणाऱ्यांनाही गिधाडाचा विचार शिवला नसेल. माझ्या एकट्या पवळ्यानं कडा रिकामा केला असंही नाही. घरोघर एकेक पवळ्या होता. पण त्या रात्री झोप लागली नाही. मी केलं ते पाप का पुण्य? मुक्या जनावराचा ठणका थांबवला, हे पुण्यच. त्या पुण्याच्या घासानं तीन जीव तरी गेले, हे डोळ्यांसमोर घडलं. मन दोन्हीकडं ओढायचं. आई सांगायची की नकळत झालेलं देव मनावर घेत नाही. देव नसेल घेत. पण देवानं माफ केलं म्हणून कड्यावर गिधाड येत नाही.

आणि नुकसान कड्यावरच थांबलं नाही. आता जनावर मेलं की आठ-आठ दिवस कुजतं, नाहीतर खड्डा खणून पुरावं लागतं. देशभर गिधाडं गेली तशी मोकाट कुत्री वाढली. आमच्या अकोले तालुक्यात खाली उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा अभ्यास विद्या अत्रेया यांनी केला, त्यात बिबट्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. कुत्री वाढली तर वाघही दाराशी येणारच. एक धागा ओढला की घोंगडी कुठपर्यंत उसवते, ते ओढणाऱ्याला दिसत नाही.

आता मुलाच्या तारेकडं येतो.

गोफणीचा दगड सुटतो तेव्हा तो कुणाकडं जातोय हे मला दिसतं. बा भाला घेऊन उभा असायचा तेव्हा समोर डुक्कर आहे का डुकरीण पिलांसकट आहे, हे त्याला दिसायचं, आणि मारलं तर ते त्यानं मारलेलं असायचं. तारेतला करंट आंधळा. तो सोडून आपण घरात झोपतो. डुक्कर येईल, भेकर येईल, तरस येईल, पहाटे परसाकडं निघालेला शेजारचा म्हातारा येईल. अशा तारांनी माणसं मेल्याच्या बातम्या दर हंगामात पेपरात असतात. पवळ्याच्या वेळी माझा हात माझ्या नजरेच्या पलीकडं गेला, पण मला ते कळलं नव्हतं. आता कळतंय. 'ठाऊक नव्हतं' हे माणसाला एकदाच म्हणता येतं. दुसऱ्यांदा म्हटलं तर ते खोटं असतं.

हे माझं मुलाला उत्तर. पण ते अर्धंच आहे, हे मलाही समजतं. कारण त्यानं डुकराबद्दल विचारलंच नव्हतं. पोट कुणाचं, हे विचारलं होतं. शनिवारी-रविवारी डोंगर चढायला येणाऱ्यांना रान हवं असतं, वाघ जगावा असं वाटतं, आणि ते चुकीचं नाही. धरणाचं पाणी खालचा सगळा प्रवराकाठ पितो. डोंगर सगळ्यांचा, पण त्याच्या कडेला राहून डुकराला वरई खाऊ घालायची पाळी आमची. भरपाई आहे, नाही असं नाही. अर्ज, फोटो, पंचनामा, सातबारा. पाऊण एकर वरईसाठी चार खेपा आणि चार दिवसांची मजुरी. एकट्यानं भरायचा तो वाटा कसला? तो दंड झाला. आपल्या चुलीवर बसून दुसऱ्याला उदारपणा शिकवणं सोपं असतं, आणि मी माझ्या घरात तेच करत होतो. पुण्य माझं आणि उपास सुनेच्या पोरांना.

म्हणून मी मुलाला एवढंच म्हणालो, "करंट लावायचा नाही. पण औंदापासनं राखण माझी. तू रात्री झोप."

तेव्हा मी 63 वर्षांचा होतो. त्या वर्षी उरलेल्या पिकावर आणि पुढचे दोन्ही आश्विन मी माळ्यावर काढले. गुडघे धरतात, थंडीनं बोटं वळत नाहीत. पहाटे तीनच्या सुमाराला डोळा लागतो आणि डुकरांना तेवढंच पुरतं. गेल्या साली चार आण्यांचं पीक गेलं, बारा आणे घरात आलं. आम्ही वरची पट्टी वरई सोडून गवताला ठेवली, तेवढं अंतर राहिलं की कळप उघड्यावर यायला बिचकतो. जमिनीवर पिलांसकट मुसंडी मारत आलेली डुकरीण मी टेंभ्याच्या उजेडात दोन-तीनदा पाहिली. मला तिचं काही कौतुक वाटलं नाही. शिव्याच दिल्या. पण ती मला दिसत होती आणि मी तिला दिसत होतो.

मधे नाशिककडच्या हरसूलच्या बाजूला खोरीपाड्याला जाऊन आलो. तिथले गावकरी आणि वनखातं मिळून मेलेली जनावरं गिधाडांसाठी ठेवतात, औषध टोचलेलं जनावर ठेवत नाहीत. मी गेलो त्या दिवशी नऊ गिधाडं उतरली. पंखांचा तोच जुना आवाज, जाड गोधडी झटकल्यासारखा. जनावर कशानं मेलं, काय टोचलं होतं, हे तिथं आधी विचारतात. मला त्यांचं हे विचारणंच फार मोलाचं वाटलं.

गेल्या कोजागरीच्या पुढं एका रात्री मुलगा चहाचं भांडं घेऊन माळ्यावर आला. बराच वेळ बसला. करंटचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. खाली रानात काहीतरी खसपसलं, आम्ही दोघांनी एकदमच हाकारा दिला. मग तो म्हणाला, "तुम्ही जावा आबा आता, मी बसतो."

मी घरी आलो. त्यानं तेव्हा आणलेलं तारेचं भेंडोळं अजून ओटीवरच्या खुंटीला आहे. त्याला गंज चढलाय. मी ते फेकून दिलं नाही, कारण ते त्याच्या पैशाचं आहे आणि फेकायचं का ठेवायचं हे त्यानंच ठरवायचंय. माझे किती आश्विन उरलेत कुणास ठाऊक. रोज आत-बाहेर करताना माझी नजर त्या खुंटीवर जाते. त्याचीही जात असणार.